प्रतिकारशक्ती... रोज एक चमचा!

रविवारची संध्याकाळ, उल्हासनगर, कॅम्प तीन. गेले होते जीन्स घ्यायला. जीन्स मिळाली नाही (साइजचा प्रॉब्लेम होता. माझ्या, जीन्सच्या नव्हे!). परत येताना मात्र हातात एक चकचकीत डबा होता. डब्यावर छाती पुढे काढून उभा असलेला जर्मन शेफर्ड, त्याच्याभोवती सोनेरी रंगाची ढाल आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘इम्युनिटी’.

‘‘न्यूक्लिओटाइड है इसमें,’’ दुकानवाले अंकल म्हणाले. ‘‘फॉरेन का फॉर्म्युला. रोज एक चम्मच, बस!’’

‘‘तिला थोडा ताप वाटतोय, चालेल?’’

‘‘बुखार में तो और अच्छा! इम्युनिटी बढ़ेगी ना, बेटा.’’

लॉजिक एकदम पटलं. कोविडनंतर आपल्याला काय, ‘इम्युनिटी’ लिहिलेली बिस्किटंसुद्धा पटतात. मी डबा घेतला. किंमत साधारण एका बऱ्यापैकी जीन्सइतकी. म्हटलं, चला, बजेट तर तेच!

डबा होता खारीसाठी. खारी म्हणजे माझी कुत्री. रंग अगदी चहात बुडवायच्या खारीसारखा, म्हणून हे नाव. दीड वर्षापूर्वी बदलापूर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीखाली पावसात कुडकुडत बसली होती. मी एक मीटिंग उरकून कर्जत लोकलमधून उतरले होते, चहा प्यायला थांबले, आणि पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आई म्हणाली, ‘‘स्वतःच्या जेवणाची वेळ नाही पाळत, कुत्र्याची पाळणार?’’ आई बरोबर होती. आया नेहमीच असतात, हा त्यांचा एक मोठाच दोष.

बदलापूरला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सीएसएमटीपर्यंत सव्वा ते दीड तास, परतीचा तेवढाच, शिवाय गाडी लेट झाली तर बोनस. मी फ्रीलान्सर, त्यामुळे लोकांना वाटतं ही घरीच असते. प्रत्यक्षात तीन क्लायंट, तिघांची ऑफिसं तीन टोकांना, आणि डेडलाइन तिघांची एकाच दिवशी. खारीची सकाळ माझ्याकडे, दुपार शेजारच्या काकूंकडे आणि रात्र पुन्हा माझ्याकडे, असं आमचं शिफ्टचं गणित. अशा आयुष्यात ‘रोज एक चमचा’ हे वाक्य किती गोड वाटतं! रजा नको, रांग नको. डबा उघडा, चमचा टाका, आपण चांगले पालक झालो.

हा कॉलम त्या चमच्याबद्दल आहे. म्हणजे खरं तर चमच्यामुळे वाया गेलेल्या पाच दिवसांबद्दल.

पाच दिवस, पाच चमचे

सोमवारी खारीने पावडर घातलेला भात चाटूनपुसून खाल्ला. मी खूश. मंगळवारी अर्धा ठेवला. बुधवारी नुसता वास घेतला आणि फ्रिजच्या मागे जाऊन झोपली. मी भातात जरा चिकन सूप घातलं, वर पावडर दीड चमचा. (इम्युनिटी वाढवायची ना!) गुरुवारी काकूंचा फोन आला, ‘‘अगं, आज बेल वाजली तरी भुंकली नाही.’’ मी लोअर परळला एका प्रेझेंटेशनमध्ये होते. म्हटलं, ‘‘काकू, औषध चालू आहे.’’

‘औषध चालू आहे.’ हे वाक्य मी त्या दिवशी अगदी प्रामाणिकपणे बोलले होते.

शुक्रवारी रात्री साडेदहाला दार उघडलं. नेहमी पायात घुटमळणारी खारी जागेवरून उठलीच नाही. फक्त शेपटी दोनदा हलवली, जणू ‘सॉरी, आज एवढंच’. जवळ गेले तर पांढऱ्या टाइल्सवर रक्ताचे लहान लहान थेंब. नाकातून येत होते. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एरवी गुलाबी असतात, त्या चुन्याच्या भिंतीसारख्या झाल्या होत्या.

बदलापूरमधला आमचा नेहमीचा दवाखाना बंद झालेला. अंबरनाथच्या मैत्रिणीला फोन केला. ती ऐरोलीला आयटीत, घरी दोन मांजरं, त्यामुळे डॉक्टरांचे नंबर तोंडपाठ. तिने तिच्या ओळखीच्या डॉक्टरबाईंना उठवलं. रिक्षावाल्या दादांनी रक्त पाहून भाड्याबद्दल एक शब्द काढला नाही, सीटवर आपला टॉवेल अंथरून दिला. बदलापूर ते अंबरनाथ एवढासा रस्ता, पण त्या रात्री तो काही केल्या संपेना.

काचेवरचे दोन थेंब

डॉक्टरांनी ताप पाहिला, १०४.६. कुत्र्याचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ असतं. कानाच्या टोकाला बारीकशी सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, पसरवला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. मग मला म्हणाल्या, ‘‘या, बघा.’’

गोल गोल लाल पेशी, आणि एका पेशीच्या आत जांभळट रंगाचे, पेरूच्या आकाराचे दोन ठिपके, एकमेकांना टोकाशी चिकटलेले. जुळ्या पेरूंसारखे. ‘‘बेबेसिया,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘लाल पेशीत शिरतो, तिथेच वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो. मलेरियाचा लांबचा नातेवाईक म्हणा.’’ दुसऱ्या एका झटपट टेस्टमध्ये एर्लिकियाचीही रेघ उमटली. हा परजीवी नव्हे, जिवाणू. पण दोघंही येतात एकाच वाहनातून, गोचिडीतून. आपण सरसकट ‘टिक फीव्हर’ म्हणतो तो प्रकार. प्लेटलेट्स बावीस हजार. निरोगी कुत्र्यात दीड-दोन लाखांच्या खाली सहसा जात नाहीत. हिमोग्लोबिन ६.८.

‘‘गोचिड्या दिसल्या होत्या का?’’

‘‘दोन-तीन. काढल्या मी.’’

‘‘कधी?’’

‘‘तीनेक आठवडे झाले असतील.’’

त्यांनी मान डोलावली. गोचीड चावल्यापासून आजार दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे खारीचं टाइमटेबल अगदी पुस्तकातलं होतं. पुस्तक तेवढं मी वाचलेलं नव्हतं.

‘‘काही चालू आहे का हिला?’’

मी पिशवीतून डबा काढला. का आणला होता, माहीत नाही. बहुधा पुरावा म्हणून, की मी काहीच केलं नाही असं नाही. डॉक्टरांनी जर्मन शेफर्डकडे पाहिलंही नाही. डबा फिरवला आणि मागच्या बाजूला, बारकोडच्या वर, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांवर बोट ठेवलं. ‘फीड सप्लिमेंट. नॉट फॉर मेडिसिनल यूज.’

मास कम्युनिकेशनची डिग्री आहे माझ्याकडे. जाहिरातीत काय मोठं छापतात आणि काय बारीक, यावर मी एक अख्खा प्रोजेक्ट केलाय. मार्क्स पण चांगले मिळाले होते!

तर न्यूक्लिओटाइड म्हणजे काय, बॉस?

खारीला इंजेक्शन दिलं. सलाइन सुरू झालं. इंजेक्शननंतर तोंडाला लाळ सुटली, डॉक्टर म्हणाल्या होतं असं, घाबरू नका. रात्री दीड वाजता, सलाइनची बाटली हातात धरून, मी विचारलं, ‘‘डॉक्टर, म्हणजे ही पावडर फसवणूक आहे का?’’

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणूनच तर गोंधळ होतो.’’

तर ऐका. न्यूक्लिओटाइड्स म्हणजे डीएनए आणि आरएनए यांच्या विटा. पेशीत ऊर्जा इकडून तिकडे नेणारं एटीपी, तेही एक न्यूक्लिओटाइडच. शरीरातली एक पेशी फुटून दोन व्हायची तर डीएनएची अख्खी कॉपी काढावी लागते, आणि त्याला या विटा ढिगाने लागतात. आता सगळ्यात भराभर पेशी कोण बनवतं? आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज आणि इन्फेक्शन झाल्यावर पांढऱ्या पेशी. म्हणजे आपलं पोटातलं कुंपण आणि आपली फौज.

याच्यामागे एक भारी गोष्ट आहे. १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये फ्रीडरिश मीशर नावाचा तरुण स्विस संशोधक हॉस्पिटलमधल्या पुवाने भरलेल्या बँडेज-पट्ट्या गोळा करायचा. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्या धुऊन त्याने पेशीच्या केंद्रातला एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ‘न्यूक्लिन’ म्हटलं. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो तो पहिल्यांदा सापडला, तो असा शहीद फौजेच्या कपड्यांत!

शरीराकडे या विटा मिळवायचे दोन रस्ते आहेत. उल्हासनगरच्या भाषेत सांगते. जीन्स शिवायची तर एक मार्ग म्हणजे कापूस आणा, सूत काता, कापड विणा, मग कापा. दुसरा म्हणजे तयार कटपीस घ्या आणि मशीनवर बसा. शरीर दोन्ही करतं. स्वतः पहिल्यापासून न्यूक्लिओटाइड बनवतं, त्यात भरपूर ऊर्जा जाते. किंवा जुन्या पेशींचे आणि जेवणातून आलेले तुकडे पुन्हा वापरतं, ते स्वस्तात पडतं. एरवी ऑर्डर कमी असते, त्यामुळे सगळं नीट चालतं. पण आजारपणात किंवा वाढीच्या वयात एकदम दिवाळीची ऑर्डर येते, तेव्हा बाहेरून आलेले कटपीस कामाला येतात. आईच्या दुधात न्यूक्लिओटाइड्स असतात. कलेजीत, मासळीत, यीस्टमध्ये असतात. डब्यातली पावडरही बहुतेक वेळा यीस्टपासूनच काढलेली असते.

म्हणजे अंकल खोटं बोलत नव्हते. ते फक्त अर्धं बोलत होते.

स्पेनमधले कुत्रे आणि आजोबांची गोळी

‘फॉरेन का फॉर्म्युला’ कुठून आला, ते मी नंतर शोधलं. खारी झोपलेली असायची आणि मी तिच्या शेजारी लॅपटॉप घेऊन. पत्रकाराची सवय, दुसरं काय!

फॉर्म्युला आला स्पेनमधून. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत कुत्र्यांना लेशमानियासिस नावाचा आजार होतो. वाळूमाशी चावते आणि लेशमानिया इन्फँटम हा परजीवी अंगात शिरतो. कातडी जाते, वजन जातं, शेवटी किडनी जाते. पूर्ण बरा होणं कठीण, म्हणून बराच काळ औषध चालू ठेवावं लागतं. त्यातलं एक औषध म्हणजे अॅलोप्युरिनॉल. नाव ओळखीचं वाटतंय? तुमच्या आजोबांच्या गोळ्यांच्या डबीत बघा, यूरिक अॅसिडसाठी देतात तीच गोळी.

आता गंमत अशी, की लेशमानियाला न्यूक्लिओटाइडचा एक प्रकार, प्युरीन, स्वतः बनवताच येत नाही. तो यजमानाकडून उचलतो. (आपला बेबेसियाही याच घराण्याचा, प्युरीनच्या बाबतीत फुकट्या!) अॅलोप्युरिनॉल प्युरीनसारखं दिसतं. परजीवी ते खरं समजून उचलतो, आपल्या आरएनएमध्ये बसवतो आणि फसतो. डुप्लिकेट कटपीस म्हणा. पण काही कुत्र्यांमध्ये या गोळीने लघवीत झँथिन नावाचा पदार्थ साठतो आणि त्याचे खडे होऊ शकतात. मग पर्याय काय, असा प्रश्न होता.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात आजारी असलेले ६९ कुत्रे घेतले. सगळ्यांना २८ दिवस मुख्य औषधाची, म्हणजे अँटिमनीच्या क्षाराची इंजेक्शनं दिली. सोबत एका गटाला सहा महिने अॅलोप्युरिनॉल आणि दुसऱ्या गटाला तेवढेच दिवस न्यूक्लिओटाइड्स अधिक शिताके मशरूमपासून काढलेला एक अर्क. दोन्ही गट सुधारले. सहा महिन्यांनंतर लक्षणांचा स्कोअर सप्लिमेंटवाल्या गटात जास्त चांगला होता आणि झँथिनचा त्रास अॅलोप्युरिनॉलच्या गटात जास्त होता. २०१८ मध्ये दुसरा अभ्यास आला. यातल्या कुत्र्यांना संसर्ग होता, पण ते अजून आजारी पडले नव्हते. त्यांना वर्षभर सप्लिमेंट किंवा नुसती बिनऔषधी गोळी दिली. सप्लिमेंटच्या २० कुत्र्यांपैकी ३ पुढे आजारी पडले, दुसऱ्या गटात २२ पैकी १०.

वाचून मी उडालेच. म्हटलं, अरे, हे तर चालतं की!

मग डॉक्टरांना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘छान. आता मला तीन गोष्टी सांगा. आजार कोणता? कशासोबत दिलं? किती दिवस?’’

तीन प्रश्न

आजार कोणता? लेशमानियासिस. आपल्याकडे लेशमानिया नाही असं नाही. १९०३ मध्ये मद्रासला चार्ल्स डोनोव्हनने तो ओळखला, म्हणून त्याच्या एका जातीचं नाव लेशमानिया डोनोव्हानी. पण आपल्या देशातला काळा आजार माणसाकडून माणसाकडे जातो, आणि तोही मुख्यतः बिहारकडे. बदलापूरच्या कुत्र्याला नेहमी गाठतो तो टिक फीव्हर. तो महिन्यांच्या हिशेबाने चालत नाही, आठवड्याभरात लाल पेशी फोडून जीव घेऊ शकतो. स्पेनच्या कुत्र्यांवरचा निकाल खारीला लावणं म्हणजे अंबरनाथ लोकलमध्ये बसून कर्जतला पोचायची वाट बघणं. दिशा बरोबर, पण गाडी मध्येच संपते.

कशासोबत दिलं? आजारी कुत्र्यांच्या अभ्यासात एकाही कुत्र्याला नुसत्या पावडरवर ठेवलेलं नव्हतं. सगळ्यांना आधी मुख्य औषध. दुसऱ्या अभ्यासात नुसतं सप्लिमेंट होतं, पण ते कुत्रे बरे होते आणि त्यांच्यावर डॉक्टरांची सतत नजर होती. पहिल्या अभ्यासात कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना आणि मालकांना माहीत होतं, तेही लक्षात घ्यायला हवं. आणि संशोधकांमध्ये ते सप्लिमेंट बनवणाऱ्या कंपनीची माणसं होती. हे पेपरमध्ये उघड लिहिलेलंही असतं. याने अभ्यास खोटा ठरत नाही, पण वाचताना चष्मा पुसून घ्यावा.

किती दिवस? सहा महिने आणि एक वर्ष. मी किती दिवसांत इम्युनिटी वाढायची वाट बघत होते? पाच.

डॉक्टरांनी अजून एक गोष्ट सांगितली, जी डब्यावर कुठेच नव्हती. डालमेशियन जातीच्या कुत्र्यांत प्युरीनचा निचरा मुळातच वेगळ्या पद्धतीने होतो, त्यांना यूरेटचे खडे होतात. अशा कुत्र्याला, किंवा आधीच खड्यांचा त्रास असलेल्या कुत्र्याला यीस्ट आणि कलेजीचा मारा करणं म्हणजे प्रॉब्लेमला जेवायला बोलावणं. म्हणजे ‘फायदा नाही झाला तर नुकसान तरी नाही’ हा जो आपला आवडता फंडा आहे, तोही दर वेळी खरा नसतो.

शत्रू भिंतीत राहतो

या सगळ्यात मी एक विसरलेच होते. गोचीड! सहा-सातशे पानांचं विज्ञान एका बाजूला आणि फ्रिजमागची फट दुसऱ्या बाजूला.

आपल्या कुत्र्यांवर दिसते ती तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर नसतेच. रक्त प्यायचं, खाली पडायचं, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, सोफ्याखाली जाऊन कात टाकायची, पुन्हा कुत्र्यावर चढायचं, असे तीन फेरे. मादी शेवटी हजारो अंडी घालते, एका वेळी चार हजारांपर्यंत. जेवण न मिळता महिनोन् महिने तग धरते. कुत्र्यावर तुम्हाला दोन दिसल्या, तर बाकीचा मेळावा घरात आहे असं समजा. आमच्या भागातला दमट उकाडा तिला मानवतो. सोसायटीचा तळमजला, पार्किंग, जिन्याखालची जागा म्हणजे तर तिचं वन-बीएचके!

आणि ही आजची साथ नाही. बेबेसियाची एक जात, गिब्सोनाय, जगाला पहिल्यांदा कळली ती भारतातूनच. १९१० मध्ये पॅटन नावाच्या शास्त्रज्ञाने मद्रासमधल्या साहेबांच्या शिकारी कुत्र्यांच्या आणि मग कोल्ह्याच्या रक्तात ती पाहिली. शंभर वर्षांनी, २०११ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाखमधल्या ५२५ कुत्र्यांचं रक्त तपासलं होतं. त्यात हेपॅटोझून नावाचा परजीवी जवळपास ३० टक्के कुत्र्यांत सापडला. तो तर चावल्यानेही येत नाही. कुत्रा अंग चाटताना गोचीड गिळतो आणि परजीवी थेट पोटात. म्हणजे खारी स्वतःच स्वतःला स्वच्छ करत होती आणि मी म्हणत होते, ‘किती शहाणी गं!’

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. म्हणजे फ्रीलान्सरची रजा, तीन ठिकाणी ‘सॉरी’ म्हणून. घर रिकामं केलं. फ्रिज सरकवला. तिच्या अंथरुणाला उकळतं पाणी, भेगांना व्हाइट सिमेंट, पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन. अंथरुणाच्या शिवणीत मोहरीएवढ्या पिलांची रांग बसलेली दिसली. त्या क्षणी मला डब्यावरची ती सोनेरी ढाल आठवली, आणि जाम हसू आलं. रडूही.

अठ्ठावीस दिवस

गोळ्यांचा कोर्स अठ्ठावीस दिवसांचा होता. स्पेनच्या कुत्र्यांची इंजेक्शनंही तेवढीच दिवस, हा निव्वळ योगायोग, पण मला तो लक्षात राहिला. चौदा दिवसांनी दुसरं इंजेक्शन. दर आठवड्याला रक्ताची तपासणी. चौथ्या दिवशी खारीने भात खाल्ला. सातव्या दिवशी बेल वाजल्यावर भुंकली, आणि काकूंनी मला फोन करून तो आवाज ऐकवला. मी तेव्हा ठाण्याला गाडीत लटकत होते. आजूबाजूच्या बायकांनी विचारलं, काय झालं, बरं नाही का वाटत? म्हटलं, ‘‘नाही हो, कुत्रं भुंकलं!’’ त्यांनी बसायला जागा दिली. कीव आली असावी.

दहाव्या दिवशी ती एकदम ठणठणीत दिसायला लागली आणि मला वाटलं, आता कशाला गोळ्या? नेमकं याच ठिकाणी अनेक जण थांबतात. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, लक्षणं गेली म्हणजे जंतू गेले असं नाही. एर्लिकिया महिनोन् महिने गप्प बसू शकतो. मोबाइलमध्ये सकाळ-रात्र आठचा अलार्म लावला. पूर्ण अठ्ठावीस दिवस वाजवला. मीटिंगमध्ये वाजला, लग्नात वाजला, एकदा मुलाखत घेताना वाजला.

कोर्स संपल्यावर प्लेटलेट्स दोन लाख चाळीस हजार. मी डॉक्टरांना विचारलं, ‘‘आता ती पावडर टाकून देऊ का?’’ म्हणाल्या, ‘‘महाग आहे, फेकू कशाला? हिला खड्यांचा त्रास नाही. आता अंगात रक्त नव्याने बनतंय. हवी तर घाला एक चमचा. नाहीतर आठवड्यातून दोनदा जराशी कलेजी उकडून द्या, तेही चालेल. जास्त नको, व्हिटॅमिन ए चढतं.’’

तो डबा आता ओट्यावर आहे. माझा त्याच्यावर राग नाही. त्याने जे वचन दिलं नव्हतं ते मीच त्याच्यात वाचलं होतं. मला वेळ द्यायचा नव्हता, म्हणून मी वेळेच्या बदल्यात वस्तू विकत घेतली. आपण हे सगळीकडेच करतो, नाही का? आईला फोन करायच्या ऐवजी आईला मिक्सर पाठवतो. व्यायामाच्या ऐवजी शूज घेतो. आई आणि शूज दोघंही सांभाळून घेतात. खारीकडे मात्र पाचच दिवस होते, आणि ते मी चमच्याने मोजले.

हल्ली रात्री घरी आले की आधी पर्स ठेवते, मग खाली बसते आणि दहा मिनिटं तिचे कान, बोटांमधली जागा, शेपटीखालचा भाग हाताने चाचपते. शेवटी ओठ वर करून हिरड्या बघते. गुलाबी. तिला वाटतं मी लाड करतेय. तिचा हा गैरसमज मी दूर करणार नाही.

फंडा क्लिअर!

• जेवण सोडलं, ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद रंगाची लघवी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ततपासणी. ‘वीकेंडला बघू’ नाही.

• गोचीड चिमट्याने, कातडीला लागून पकडून सरळ ओढा. रॉकेल, उदबत्ती, नखं हे प्रयोग नकोत.

• कुत्र्याबरोबर घरावरही उपचार करा. भेगा, अंथरूण, सोफा. गोचीडविरोधी गोळी किंवा औषध डॉक्टरांना विचारून, वजनानुसार आणि न चुकता.

• न्यूक्लिओटाइड किंवा कोणतंही ‘इम्युनिटी’ सप्लिमेंट उपचारासोबत किंवा उपचारानंतर, आणि डॉक्टरांना सांगूनच. खड्यांचा त्रास असेल तर आधी विचारा.

• डबा घेताना आधी मागची बाजू वाचा. पुढच्या बाजूला फक्त जर्मन शेफर्ड असतो!